आंघोळीआधीचं तेल

माझ्या डोक्याला तेल लागून आता वर्ष होत आलं. डोक्याला म्हणजे टकलाला. केस म्हणावेत असं जे काही आहे ते मागच्या बाजूला कानांच्या आधाराने टिकून आहे. बायको म्हणते, बरं झालं, उशीचे अभ्रे तरी स्वच्छ राहतात. असं म्हणते आणि लगेच खिडकीकडे बघते. बाथरूमच्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली अजून तशीच आहे, पाव भरलेली. रोज सकाळी ती मला दिसते आणि रोज माझा हात तिच्याकडे जात नाही. स्वतःच्या हाताने लावलेलं तेल मला नको आहे. साठीला आलेल्या माणसाने असा हट्ट धरावा का, असं कुणाला वाटलं तर वाटो. मला आईची आठवण येते, आणि ती नेमकी टाळूवर येते.

आम्ही सुकापूरला राहतो. मी उरणच्या बंदरात तीस वर्षं ऑफिसात कागद इकडचे तिकडे केले आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर वेळेआधीच घरी बसलो. आई चिरनेरकडची. वडील गेले तेव्हा ती आमच्याकडे आली. येताना एक बोचकं, एक पितळी वाडगा आणि आपला स्वभाव घेऊन आली. स्वभाव तिने मलाही वाटून दिला होता. आम्ही दोघं एका खोलीत दहा मिनिटं शांत बसलो तर अकराव्या मिनिटाला वाजायचंच. मीठ कमी आहे का जास्त, पंखा दोनवर का तीनवर, कशावरूनही. बायको म्हणायची, तुमच्या दोघांच्या मध्ये नुसती काडेपेटी ठेवली तरी पेटेल.

मग एका सकाळी आईच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय गेला, जीभ जरा जड झाली. डोकं मात्र लख्ख राहिलं आणि तोंडही चालू राहिलं.

पहिली दोन वर्षं बायकोने तिचं सगळं केलं. सगळं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. बाथरूमचं दार बंद व्हायचं, आतून पाण्याचा आणि दोघींच्या वादावादीचा आवाज यायचा, मग दार उघडायचं आणि आई वेणी घातलेली, पावडर लावलेली, खुर्चीत बसलेली असायची. मी बाहेर पेपर वाचत असायचो. सासूचं सुनेनं करायचं असं आमच्या घरात कुणी कधी ठरवलं नाही, कारण ते ठरवायची गरज आहे असंच कुणाला वाटलं नाही. एक दिवस आतून "आई गं!" अशी किंकाळी आली. मी धावलो, मला वाटलं आईला काही झालं. बायको होती. कमोडच्या कडेला धरून वाकलेली, आणि तिला सरळ होता येत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, मणका सरकलाय, आता पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. मी डॉक्टरांना विचारलं, असं अचानक कसं झालं? बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. अचानक काही झालं नव्हतं, दोन वर्षं ते होत होतं आणि मी अग्रलेख वाचत होतो.

मग आजारी माणसांचं करणाऱ्या, ब्यूरोच्या पगारी बायका आल्या. पहिलीचे हात थंड म्हणून आईने तिला घालवली. दुसरी मोबाइलवर बोलते म्हणून. तिसरी स्वतःच गेली. जाताना म्हणाली, "काका, तुमच्या आईला बाई नको, पोलीस पाहिजे." खालच्या मजल्यावरची एक शेजारीण देवासारखी होती. ती सकाळ-संध्याकाळ वर येऊन बायकोच्या मदतीने आईचे कपडे बदलून जायची. पण ती तरी किती दिवस येणार?

ताई, माझी मोठी बहीण, ठाण्याला असते. शहाणी, कामाची, आणि माझ्याबद्दल कसलाच गैरसमज नसलेली. पनवेलच्या बाहेर डोंगराच्या अंगाला एक वृद्धाश्रम आहे, तो ती बघून आली. झाडं आहेत म्हणाली, चादरी पांढऱ्याशुभ्र आहेत, नर्स चोवीस तास आहे. फोन स्पीकरवर होता.

"तुझ्याने होणार आहे का? खरं सांग," ती म्हणाली. "तू स्वतःचा चहा तरी करतोस का?"

"करतो," मी म्हटलं. खोटं होतं.

"मी भाऊबीजेला येते. तोवर तुला जमलं तर ठीक. नाही तर दिवाळी झाली की आईला तिकडे न्यायचं. वहिनीला मारायचंय का तुला?"

मी फोन ठेवला. आई खाटेवर छताकडे बघत होती. मला वाटलं झोपली असेल. थोड्या वेळाने म्हणाली, "माजं बोचकं कुठं ठेवलंय?"

एवढंच. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. आई भांडली नाही याची मला त्या दिवशी भीती वाटली, आणि मी ठरवलं की जमवायचं. कसं, ते ठाऊक नव्हतं. लहान मुलाला उचलतात तसं मी तिला काखेत हात घालून उचलायला गेलो. ती ओरडली. मी म्हटलं, नाटकं करू नकोस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. ती पुन्हा ओरडली आणि उजव्या हाताने मला गालावर एक ठेवून दिली.

सोसायटीच्या ग्रुपवर बायकोला निरोप दिसला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्यांसाठी वर्ग, दर शनिवारी, नवीन पनवेलला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आईला सांभाळायला क्लास? उद्या जेवायलाही क्लास लावा!"

"जेवायला नाही," बायको पाठीला पट्टा आवळत म्हणाली, "पण ताट वाढून घ्यायला लावायला हवा तुम्हाला."

गेलो. एका शाळेच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, मध्ये एक लोखंडी खाट, भोवती खुर्च्या. अकरा बायका आणि मी. शिकवायला एक निवृत्त मेट्रनबाई, बुटक्या, पांढरी साडी, आवाज असा की तीन वॉर्ड पलीकडचा पेशंट उठून बसावा. त्यांनी प्रत्येकाला विचारलं, घरी कोण आहे, काय करता. माझी पाळी आली तेव्हा मी हवेतच काखेत हात घालून दाखवलं. मेट्रनबाईंनी डोळे मिटून घेतले.

"त्या ओरडतात का?"

"ओरडते. जरा नाटकी आहे ती."

"लुळ्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो. काखेतून ओढलात की निखळल्यासारखा दुखतो. नाटक तुम्ही करताय, उचलण्याचं."

अकरा बायकांसमोर माझे कान तापले. पण त्याहून वाईट म्हणजे आईची ती किंकाळी मला तिथे पुन्हा ऐकू आली, आणि या वेळी ती खरी वाटली. इतके दिवस मी तिला दुखवत होतो आणि वर तिलाच रागावत होतो.

पहिल्या दोन शनिवारी मी शिकलो. आपले पाय तिच्या पायांना टेकवायचे, गुडघ्याने गुडघा अडवायचा, कमरेला पट्टा बांधून त्याला धरायचं, तिचा चांगला हात आपल्या खांद्यावर, आणि एक-दोन-तीन. कपडे घालताना लुळा हात आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा. सोपं आहे, पण कुणी सांगितलं नाही तर सात जन्म कळणार नाही. आणि मेट्रनबाईंचा एक नियम होता. बाहुलीवर शिकवणं नाही. प्रत्येकाने एकदा त्या खाटेवर पेशंट म्हणून झोपायचं.

तिसऱ्या शनिवारी माझी पाळी आली. मी म्हटलं, मी धडधाकट माणूस, मला काय गरज? मेट्रनबाईंनी खाटेकडे बोट दाखवलं. मी झोपलो. त्यांनी कुणाची तरी ओढणी घेऊन माझा डावा हात अंगाशी बांधला, उजवा हात चादरीखाली दडपला आणि बजावलं, बोलायचं नाही. दोन बायका माझी कूस बदलायला आल्या. एकीने विचारलं, "बोंबील कुठून आणलेस गं परवा?" दुसरी म्हणाली, उरणच्या बाईकडून, अगदी ताजे. आणि बोलता बोलता त्यांनी मला धरून वळवलं. भिंत एकदम नाकासमोर आली. अजून बोंबलांचंच चाललं होतं. मग कुणीतरी चादर खसकन ओढली. माझ्या अंगावर पॅन्ट होती, शर्ट होता, सगळं होतं, तरी मला उघडं पडल्यासारखं झालं. नाक खाजायला लागलं. हात बांधलेला. मी दहा मिनिटं त्या भिंतीकडे बघत होतो आणि मला आठवलं, काल आईला वळवताना मी कानाशी फोन धरून गॅस एजन्सीवाल्याशी भांडत होतो.

"काय वाटलं?" मेट्रनबाईंनी सोडल्यावर विचारलं.

"नाक खाजत होतं," मी म्हटलं. सगळ्या हसल्या. मला आणखी पुष्कळ सांगायचं होतं, पण मी ओढणीची घडी घालत बसलो.

त्या दिवसापासून मी सांगून हात लावायला लागलो. आई, आता उजव्या कुशीवर वळवतो. आई, आता चादर काढतोय. आई, पाय खाली सोडतो.

"रेडिओ लावलास काय घरात?" ती म्हणाली.

पण मारलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती माझ्याबरोबर आकडे मोजायला लागली. मी "एक" म्हटलं की ती थेट "तीन" म्हणायची आणि उठायला लागायची, आणि आम्ही दोघं खाट-खुर्चीच्या मध्ये लटकायचो. तिचा उजवा हात माझ्या मानेभोवती. तिचा श्वास माझ्या कानाला. शाळेत जायला लागल्यापासून आईने मला इतक्या जवळ घेतलं नव्हतं. आमच्याकडे ती पद्धतच नव्हती. अशा उचलण्यातून मला ती पुन्हा मिळत होती, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंहवंसं वाटत होतं. तिला खुर्चीत ठेवताना मी थोडा उशीर करायचो.

अडलं ते आंघोळीपाशी. आई मला आंघोळ घालू देईना. शेजारीण पुसून काढायची तेवढंच. दसऱ्यानंतरची उन्हं, घाम, कातडीच्या घड्यांमध्ये लाली आलेली, आणि एक दिवस शेजारणीने सांगितलं की पाठीवर, कमरेच्या वर, एक लाल चट्टा आहे. मेट्रनबाईंनी वर्गात याच चट्ट्याबद्दल सांगितलं होतं. आज लाल, चार दिवसांनी जखम, आणि जखम झाली की घरी आवरणार नाही. पाठ रोज धुतलीच पाहिजे, कोरडी केलीच पाहिजे, बघितलीच पाहिजे. नाही तर भाऊबीजेची वाट बघायचं कारण नव्हतं. ताईचंच बरोबर ठरणार होतं.

मी आईला समजावलं. चादरीखाली आंघोळ घालतात, एका वेळी एकच हात किंवा पाय बाहेर काढायचा, बाकी सगळं झाकलेलं, मला शिकवलंय. तिने ऐकून घेतलं.

"पोरानं आईला उगडं बगू नये," ती म्हणाली. "मला मरायच्या आदी लाजवू नको."

"अगं, मी काय परका आहे का?"

"परका असतास तर चाललं असतं."

माझं डोकं फिरलं. रोज तेच, रोज तेच. मी ओरडलो, "मग बस वास मारत!"

बोललो मी तसं. स्वतःच्या आईला. तिने तोंड भिंतीकडे केलं. स्वतःहून तिला तेवढंच करता येत होतं. स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. मी खाली जाऊन इमारतीभोवती चार फेऱ्या मारल्या. वर आलो तरी आईचं तोंड भिंतीकडेच होतं. माफ कर म्हणायला जीभ वळली नाही, कारण आमच्या घरात तीही पद्धत नव्हती.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर मी मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. वास मारण्याचंसुद्धा. मला वाटलं त्या झापतील, किंवा पाठीवर हात ठेवतील. त्या चादरींच्या घड्या घालत राहिल्या.

"तुम्ही त्यांच्याकडून काय घेता?" त्यांनी विचारलं.

"मी? मी काय घेणार? तिचा एक उजवा हात सोडला तर काही हलत नाही."

"उजवा हात आहे ना?" त्या म्हणाल्या. "दिवसभर नुसतं घेतच राहावं लागलं तर माणूस चिडतो. तुम्हीही चिडाल. त्यांच्याकडे काहीतरी मागा. खोटं खोटं नको, खरंच पाहिजे असेल ते मागा."

हे काय उत्तर झालं, असं पुटपुटत मी घरी निघालो. रस्त्यावर पणत्यांचे, रांगोळ्यांचे ढीग लागले होते. एका बाईपुढे सूप होतं आणि सुपात कारिटं. नरक चतुर्दशीला फोडतात ती, हिरवी, कवठीचाफ्याच्या कळीएवढी, कडूजहर फळं. मी जागच्या जागी थांबलो. मला दिसली आमच्या गावच्या घराची ओसरी, अंधार, चुलीवरचं पाणी, आणि पाटावर कुडकुडत बसलेला मी. मागे आई. पितळी वाडग्यातलं कोमट तेल ती टाळूवर ओतायची आणि तळहाताने थापायची, थप, थप, थप, डोकं हलेपर्यंत. मी नोकरीला लागल्यावरही. लग्न झाल्यावरही, बायको दारात उभी राहून हसायची. "आटप गं, उशीर होतोय," मी दरवर्षी म्हणायचो. वारं गेल्यापासून दोन दिवाळ्या झाल्या होत्या. दोन्ही वेळा मी शॉवरखाली साबणाने आंघोळ करून ऑफिसच्या मित्रांना मेसेज पाठवले होते. ते तेल राहिलं, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्यासुद्धा.

मी चार कारिटं घेतली.

चतुर्दशीला पहाटे उठलो. वाडग्यात तेल कोमट केलं आणि आईच्या खाटेशी पाट मांडून तिच्याकडे पाठ करून बसलो. वाडगा तिच्या उजव्या हाताशी, उशीवर. तिला जाग होतीच.

"काय?"

"तेल लाव."

"येडा झालास काय?"

"दोन वर्षं लावलं नाहीस. डोकं पार कोरडं पडलंय."

मला वाटलं ती पुन्हा भिंतीकडे वळली असेल. मग तेलाचा एक थेंब मानेवर पडला, मग दुसरा, आणि मग तिचा तळहात आला. थप. थप. हात थकलेला होता, पण तोच होता. त्या हाताला माझ्या डोक्याचा प्रत्येक उंचवटा ठाऊक होता.

"केस कुठं गेले?"

"बंदरात राहिले."

"हं." थप. थप. "किती वाळलायस रे."

माझं वजन तेव्हा ब्याऐंशी किलो होतं. मी पाटावर बसून ढसाढसा रडलो. ती थापत राहिली. दारात बायको उभी होती, एका हाताने चौकट धरून. या वेळी ती हसत नव्हती.

तेल संपलं. हात पुसत आईने विचारलं, "कारीट आणलंस?"

आमच्याकडे आंघोळीआधी कारीट फोडायचं, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली. तिचा डावा पाय दोन वर्षं मेलेला. मी म्हटलं, उजव्याने फोड, चालतं. तर माझ्यावर खेकसली. "दोन वर्सं नाय फोडलं मी. माजा पाय धर नि दाब."

"आई, डाव्या पायाला हात लावतोय."

"लाव की! सांगतोस काय?"

मी तिला उठवून खाटेच्या कडेला बसवलं. खाली वर्तमानपत्र अंथरलं, कारीट ठेवलं, त्यावर तिचं थंड पाऊल ठेवलं, आणि दोन्ही हातांनी वरून दाबलं. फळ फुटलं. बिया पार कपाटापर्यंत उडाल्या. मी रसाचं बोट तिच्या जिभेला लावलं तसं तिने असं काही तोंड केलं की बायकोला हसू फुटलं. मग मलाही. आईलाही.

"आता पाणी आन," आई म्हणाली. "आनि वर बग."

"डोळेच मिटतो."

"मिटलेस तर पाडशील मला."

अशी माझी पहिली आंघोळ झाली. दोन टोप पाणी, चार टॉवेल, एक मोठी चादर. आई, आता उजवा हात बाहेर काढतोय. आई, आता पाठ. "पाठ सांगू नको, पाठ चोळ," ती म्हणाली. पाठ किती लहान होती. या पाठीवरून ती गवताचे भारे वाहायची, असं मी ऐकलं होतं, आणि ती माझ्या दोन तळव्यांत मावत होती. चट्टा लाल होता, पण कातडी फाटली नव्हती. मी तो उटण्याशिवाय नुसत्या पाण्याने हलकेच धुतला, टिपून कोरडा केला. वेणी मीच घातली.

भाऊबीजेला ताई आली ती दारातच थांबली आणि तिने नाकाने वास घेतला. घरात उटण्याचा वास होता. आई खुर्चीत बसली होती.

"वेणी कुणी घातली?"

"मी."

"दिसतंय," ताई म्हणाली आणि आईजवळ जाऊन खाली बसली. तिने आईची पाठ बघितली, टाचा बघितल्या, नखं बघितली. मग तिने मला ओवाळलं. मी पाकीट पुढे केलं तर तिने ते बाजूला सारलं. "ओवाळणी नको. महिन्यातून चार दिवस मी येऊन करीन. मला एवढं सगळं शिकव. आणि तेवढे चार दिवस तू आणि वहिनी कुठे तरी जा, नाही तर दोघंही झोपा."

आई आमच्याकडे बघत होती. म्हणाली, "माजं बोचकं माळ्यावर ठेव. इथं मदी मदी येतं."

त्यानंतर एक वर्ष आणि वर थोडे महिने ती होती. एक दिवसाआड आंघोळ, मधल्या दिवशी नुसती पाठ धुणं, आणि दर आंघोळीआधी तेल. ती हटूनच बसायची. आधी तू बस, मग पाणी. टक्कल असं चमकायचं की खालचे वॉचमन हसायचे. उशीचे अभ्रे सगळे पिवळे. आम्ही भांडलोही, रोज भांडलो. पंखा दोनवर का तीनवर. शेवटी शेवटी हात थापायचा नाही, नुसता टाळूवर ठेवलेला असायचा, आणि मी पाटावर बसून राहायचो, पाय मुंग्या येऊन बधिर होईपर्यंत. पौषातल्या थंडीत एका दुपारी ती झोपेतच गेली. आदल्या दिवशी आंघोळ झाली होती. पाठ कोरडी होती.

खाट देऊन टाकली. अजून मी खुर्चीतून उठताना मनात एक म्हणतो, आणि कुणी मध्येच तीन म्हणत नाही. अंगात ओझं उचलायची ताकद आहे, करायचं कसं तेही आता कळतंय, आणि उचलायला कुणी नाही. हे दुःख कुणाला सांगावं असं नाही. लोक म्हणतात, सुटली बिचारी, आणि तुम्हीही सुटलात. मी मान हलवतो.

मेट्रनबाईंचा फोन आला. वर्गाला पेशंट पाहिजे, म्हणाल्या, वजनदार. दर शनिवारी मी जाऊन त्या लोखंडी खाटेवर झोपतो. माझ्या अंगावरून बोंबलांच्या गप्पा सुरू झाल्या की खोकतो.

मागच्या शनिवारी, पुन्हा दिवाळी तोंडावर असताना, उरणच्या खाडीकडचा एक माणूस आला. होडीवर जाणारा, मनगट माझ्या पोटरीएवढं. बायकांच्या घोळक्यात मान खाली घालून बसला होता, मी बसलो होतो तसाच. विचारल्यावर म्हणाला, "माजी आई अंगाला हात लावू देत नाय. काय करू?"

मेट्रनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाटेवर पडल्या पडल्या त्याला म्हटलं, इथे खाली बस. माझ्याकडे पाठ करून. मी तुझी आई. तो अवघडून बसला. मेट्रनबाईंनी एक वाटी माझ्या हाताशी ठेवली, रिकामीच. माझा डावा हात ओढणीने बांधलेला होता. मी उजवा हात बाहेर काढला, वाटीत बुडवल्यासारखा केला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. खाऱ्या वाऱ्याने राठ झालेले, दाट केस. मला एवढंच सांगायचं होतं, की आधी तिच्यापुढे बस, तिच्याकडे माग. पण हात आपोआप चालायला लागला. थप. थप. थप. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "किती वाळलायस रे."

माझ्या दुप्पट होता तो. दोघी-तिघी हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या, कारण त्याची मान हळूहळू खाली गेली होती आणि तो उठत नव्हता. मीही हात काढला नाही. मला त्या खाटेवरून उतरून त्याच्या जागी बसायचं होतं.